तयार झालं की येईल!

मंडळी, आमच्या नात्यातल्या संगणकवाल्या पोरांचं एक ठरलेलं वाक्य आहे - "मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे हो, पण पुढची स्थिर आवृत्ती कधी येईल याचा भरवसा नाही." मला हे अजिबात मान्य नाही. भरवसा तारखेवर कशाला ठेवायचा? काम कुठवर आलं ते दिसतंय का, हे विचारा ना!

डेबियनचंच बघा. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेली ही लिनक्स प्रणाली, जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. जुलै २००२ मध्ये 'वुडी' आली आणि पुढची 'सार्ज' यायला जून २००५ उजाडला. जवळजवळ तीन वर्षं! लोकांनी नावं ठेवली. पण काम कुठे अडलंय हे तेव्हाही कुणापासून लपलेलं नव्हतं. त्यांची रीत अशी, की आधी नवीन गोष्टी घेणं थांबवायचं. याला ते 'फ्रीझ' म्हणतात. मग गंभीर चुकांची यादी कमी कमी करत न्यायची. एखाद्या पॅकेजातली चूक सुटतच नसेल तर ते पॅकेजच बाहेर ठेवायचं. ही यादी कुणीही उघडून पाहावी. अडचणी लपवणार नाही, हे वचन त्यांच्या १९९७ च्या सामाजिक करारातच आहे. आणि आता तर दर दोन वर्षांच्या आसपास आवृत्ती येते : 'बुकवर्म' जून २०२३, 'ट्रिक्सी' ऑगस्ट २०२५. सांगा, तारखा जाहीर करणाऱ्या किती कंपन्या आपल्या चुकांची वही अशी चावडीवर ठेवतात?

दुसरं खूळ टक्क्यांचं. "मराठी भाषांतर ऐंशी टक्के झालं, म्हणजे आलंच!" अहो, शाळेत 'पोर्शन संपला' म्हणजे पोरांना आलं असं होतं का? वर्गात मुलाला उभं करून विचारल्याशिवाय कळत नाही. 'दुसऱ्या' मधला अर्धा र नीट आडवा दिसतो, की रफार होऊन डोक्यावर चढून बसतो, हे टक्के सांगत नाहीत. ते मराठी वाचणारा माणूसच सांगू शकतो.

आमच्या धारूरच्या डोंगरात सीताफळाचे डोळे उघडल्याशिवाय जाणता माणूस फळ तोडत नाही. बाजाराचा दिवस उद्या आहे म्हणून डोळे आज उघडत नसतात.

तेव्हा जावईबापू, भाचेमंडळी, पगार न घेता रात्री जागणाऱ्यांना "कधी?" असं दरडावायचा हक्क आपल्याला नाही. फ्रीझ लागला की चाचणी आवृत्ती जुन्या यंत्रावर चढवा, वापरा, चूक दिसली की नीट लिहून कळवा. इंग्रजी तुम्हाला येतंच. मराठी तपासायला आम्ही निवृत्त मास्तर मोकळेच बसलो आहोत, लाल पेन अजून वाळलेलं नाही!