बंब, नळ्या आणि काळा गाळ

दिवाळीच्या पहाटे बंब पेटवणारी घरे आता फारशी राहिली नाहीत. पण ज्या वाचकांनी तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना इंग्लंडातले घर उबदार कसे राहते हे चटकन कळेल. स्वयंपाकघरातल्या कपाटात एक गॅसचा बंब असतो, त्याला म्हणायचे बॉयलर. त्यात तापलेले पाणी पंपाने नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते. तिथे भिंतीला टेकवलेल्या चपट्या पोलादी पेट्या असतात, ते रेडिएटर. त्यांतून ऊब सोडून पाणी पुन्हा बंबात येते. आपल्या बंबात रोज नवे पाणी पडते. यांचे मात्र वर्षानुवर्षे तेच. सारी भानगड इथेच आहे.

लेस्टरला माझी थोरली बहीण मुलाकडे राहते. गेल्या जानेवारीत मी तिच्याकडे महिनाभर होतो. ताई दिवसभर स्वयंपाकघरातच बसे. मला वाटले, वयोमानाने माणसांत बसावेसे वाटत असेल. एका रात्री तिच्या खोलीत डोकावलो, तर ताई दोन-दोन मोजे, शाल आणि वर भाच्याचा जुना कोट घालून पांघरुणात शिरलेली. रेडिएटरला हात लावला. वर गरम, खाली नुसता दगड.

"अगं ताई, बोलली का नाहीस?"

"अरे, गॅसचे बिल आधीच किती येते! त्यात माझी भर कशाला?"

भाच्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशी एका कारागिराला बोलावले. त्याने रेडिएटरला हातही न लावता नवा बॉयलर घ्यायला सांगितले आणि आकडा असा सांगितला की भाचा खुर्चीतच बसला. शेजारी एक गुजराती काका आहेत, जन्मभर नळकाम केलेले. ते येऊन म्हणाले, "बॉयलर राहू दे. वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा. किल्लीने सोडली की झाले. वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर गाळ."

हा गाळ बाहेरून येत नाही, घरातच जन्मतो. पोलाद आणि पाणी यांच्या मंद झटापटीतून लोखंडाचे काळे ऑक्साइड तयार होते, त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. ते जड, म्हणून तळाशी बसते आणि गरम पाण्याची वाट अडवते. त्यातच थोडा हायड्रोजनही सुटतो. काही रेडिएटरांच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा 'हवा' साठते, ती पुष्कळदा हीच. म्हणून ती सोडताना जवळ काडी ओढू नये! पाणी काळ्याऐवजी तांबूस आले, तर समजावे की बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे. आधी ती वाट शोधावी.

रविवारी आम्ही कंबर कसली. बॉयलर बंद करून पाणी पुरते निवू दिले. रेडिएटरच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह असतात. एक हाताने फिरवण्याचा. दुसरा टोपणाखाली, पान्याने फिरवण्याचा. हा दुसरा बंद करताना फेरे मोजायचे, कारण कोणत्या खोलीला किती पाणी जायचे ते त्यावर ठरते. आमचे अडीच भरले. मी कॅलेंडरवर लिहून ठेवले. खाली धरायला ताईने कणकेची परात काढून दिली. (ती पुन्हा कणकेला वापरली नाही, हे सांगितलेले बरे.) नट सैल केला, माथ्यावरचा स्क्रू उघडला, आणि परातीत शाई पडू लागली. दुसरा शब्द नाही. काकांनी त्यात लोहचुंबक बुडवला, तर त्याला काळी दाढीच फुटली!

पाणी काढले तरी गाळ आत उरतोच, म्हणून रेडिएटर उचलताना तोंडे वर ठेवायची. भाच्याचा हात क्षणभर कलला आणि ओंजळभर शाई गालिच्यावर. अंगणात रबरी नळी लावून, रबरी हातोडीने टकटक करीत, पाणी नितळ येईपर्यंत धुतले. मग परत बसवले, अडीच फेरे उघडले, हवा सोडली आणि दाबाचा काटा एकाच्या जरा वर येईल इतके पाणी भरले. गंज रोखणारे औषधही पाण्यात घातले. ते विसरल्यास सारी मेहनत वाया.

घरातले सगळेच रेडिएटर असे असतील, किंवा नळ्या आठ-दहा मिलिमीटरच्या बारीक असतील, तर मात्र जाणत्याकडून सारी यंत्रणाच धुऊन घ्यावी. बॉयलरकडे परतणाऱ्या नळीवर चुंबकाची गाळणीही बसवून घ्यावी. ब्रिटिश मानकात २०१९ पासून तिची शिफारस आहे. आणि बॉयलरचे पोट स्वतः कधीही उघडू नये; तिकडे गॅसच्या कामाला नोंदणी झालेलाच माणूस लागतो.

त्या रात्री ताई कोट न घालता झोपली. गालिच्यावरचा डाग काही गेला नाही. त्यावर तिने आपला पाट ठेवला आहे. भाचेसुनेला अजून सांगितलेले नाही.