सिमेंटचं गाव आणि चिचोलीचा टाइपरायटर

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांच्या सहली निघतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या सहलीत कोल्हापूरजवळचा कणेरी मठ हमखास असतो. तिथल्या ग्रामजीवन संग्रहालयात सिमेंटच्या पुतळ्यांचं अख्खं गाव उभं आहे. शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, दळण दळणाऱ्या बाया. पुतळे इतके हुबेहूब की पोरं हरखून जातात, फोटो काढतात. आपल्या वस्तीतली पोरंही त्यात असतात. घरी येऊन सांगतात, "पूर्वीचं गाव किती छान होतं!"

आमचा वाद या एका वाक्याशी आहे.

कणेरीचं नाव घेतलं ते सर्वांना माहीत आहे म्हणून. आता असे देखावे हायवेवरच्या ढाब्यात, कृषी पर्यटन केंद्रात, महोत्सवांच्या मंडपातही दिसतात. हुरडा, बैलगाडी, चूल, जातं आणि दारात पुतळे. गाव ही आता तिकीट काढून बघायची वस्तू झाली आहे. ज्या गावाने आपल्या आज्या-पणज्यांना वेशीबाहेर ठेवलं, तेच गाव आपण पैसे मोजून बघतो आणि त्याच्याबरोबर सेल्फी काढतो.

पुतळा काम दाखवतो, कामामागचं नातं दाखवत नाही. मोटेचंच उदाहरण घ्या. ग्रामजीवन म्हटलं की विहिरीवरची मोट आलीच. पण मेलेलं जनावर ओढलं कोणी? महारांनी. कातडं कमावलं कोणी? ढोरांनी. शिवणकाम चांभारांचं, नाडा वळला मांगांनी. एवढ्या हातांतून तयार झालेली चामड्याची मोट विहिरीत उतरायची, पाण्यात बुडायची, आणि त्या पाण्याने विहीर बाटायची नाही. पण ज्यांनी ती घडवली, त्यांच्या हाताचा घडा त्याच विहिरीला चालत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांना जावं लागलं, ते याच गावगाड्यामुळे. मोटेखालच्या पाटीवर यातलं काही लिहिलेलं तुम्ही कधी वाचलंय?

बलुत्याचंही तसंच. बलुतं म्हणजे गुण्यागोविंदाने चाललेली देवाणघेवाण, असं आपल्याला शिकवलं जातं. ती इतकी गोड असती तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक कशाला मांडलं असतं? महार वतन म्हणजे रात्रंदिवस राबवून घेण्याचा परवाना होता. तो मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला, तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना सुनावलं, की हे खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे. त्या भाषणाला पाऊणशे वर्षं उलटली, तरी तेच डबकं निळाशार तलाव म्हणून आपल्यालाच दाखवलं जातंय.

कोणी म्हणेल, संग्रहालयात कारागिरांचा सन्मानच तर केलाय, त्यात भांडण कसलं? आम्ही कारागिरी नाकारत नाही. ती आपल्याच माणसांची आहे. आजच्या पोराला मोट, जातं, भाता बघायला मिळावा, हेही आम्हाला मान्य आहे. पण हाताचा सन्मान करायचा आणि त्या हाताला काय मिळालं हे झाकायचं, याला सन्मान म्हणत नाहीत. म्हणून सहलीला जाणाऱ्या प्रत्येक पोराला आपण चार प्रश्न द्यायला हवेत. ही वस्तू कोणी बनवली? कोणी वापरली? कोणाला वापरायची बंदी होती? बनवणाऱ्याला काय मिळालं? या चार प्रश्नांपुढे कुठलंही सिमेंटचं गाव टिकत नाही.

आता बोट स्वतःकडे वळवू. नागपूरजवळ चिचोली गावी शांतिवन आहे. १९५६ च्या दीक्षा समारंभासाठी राबलेल्या वामनराव गोडबोले यांच्या धडपडीतून ते उभं राहिलं. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू तिथे आल्या. बाबासाहेबांचा कोट, हॅट, टाइपरायटर. यामागे ना संस्थानिक होता, ना मठ. कार्यकर्त्यांनी आणि सामान्य माणसांनी हा ठेवा सांभाळला. काळाने कपडे जीर्ण होऊ लागले, तेव्हा ते टिकवण्यासाठी रासायनिक प्रक्रिया करावी लागली. आता विचारा स्वतःला, आपल्यातले किती जण दीक्षाभूमीला जाऊन आले आणि त्यातले किती जण चिचोलीला गेले?

आणि चिचोली तर एका महामानवाच्या वस्तूंची. आपल्या घरातल्या वस्तूंचं काय? आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत 'जनता'चे, 'प्रबुद्ध भारत'चे अंक असतात. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात आजी तान्हं पोर घेऊन तुरुंगात गेलेली असते, तिचा कुठेतरी एखादा कागद असतो. पँथरचं पत्रक, नामांतराच्या लाँग मार्चमधला फोटो, गिरणीचा बिल्ला, जलशातली ढोलकी. आजोबा जातात, पेटी भंगारवाल्याला जाते. त्याच वर्षी जयंतीच्या डीजेवर आपण लाखभर रुपये उडवतो. इतिहास चोरला म्हणून ओरडायचं आणि घरातला इतिहास किलोने विकायचा, हे कसं चालेल?

मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी बाया-बायांच्या घरी जाऊन आठवणी गोळा केल्या, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. त्यांना इमारत लागली नाही. आपल्याला तर खिशात मोबाईल आहे.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक विहारात एक काचेचं कपाट ठेवा. एक जाड वही करा. वस्तू कोणी दिली, कधीची आहे, तिची गोष्ट काय, हे देणाऱ्याच्या शब्दांत लिहा. रविवारी वंदनेनंतर एका म्हाताऱ्या माणसाला बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. कागद जपायचा म्हणून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा, फोटो काढून दोन ठिकाणी साठवा. २० मार्च, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, या दिवशी कपाट उघडा आणि पोरांना वस्तू हाताळणाऱ्यांच्या तोंडून ऐकू द्या.

एक धोका मात्र सांगायला हवा. या कपाटाला हार घालू नका, उदबत्ती लावू नका. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. वस्तूंची भक्ती सुरू झाली की प्रश्न थांबतात. आणि आपल्याही कपाटाला तेच चार प्रश्न लागू राहतील. आजीचा फोटो आहे, पण तिचं नाव लिहिलंय का? की फक्त 'अमुक कार्यकर्त्याची पत्नी' एवढंच? लाँग मार्चच्या फोटोत पुढे नेते दिसतात. मागच्या रांगेत चालणारे कोण होते?

सिमेंटच्या गावाला आपण पाडायला जाणार नाही. त्याला उत्तर म्हणून वस्तीवस्तीत खरं गाव मांडू, वेशीबाहेरच्या घरांसकट. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून आधी कपाटाचे पैसे बाजूला काढा, मग डीजेचं बघू.

जय भीम!