पहिली चूक कुणाच्या अंगावर?

मैत्रिणींनो, पहिली भाकरी कुणाची धड होते? फाटते, करपते, आपण हसून बाजूला ठेवतो आणि दुसरी थापायला घेतो. पण नर्सबाईंचं पहिलं बाळंतपण? डॉक्टरांचं पहिलं ऑपरेशन? तिथे कुणाची तरी लेक, कुणाची तरी सून समोर असते. आणि खरं सांगायचं तर शिकाऊ हातांखाली आजवर जास्त करून सरकारी दवाखान्यातली गरीब बाईच आली. पैसेवालीने अनुभवी डॉक्टर गाठला.

म्हणून मला ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’चं, म्हणजे आभासी वास्तवाचं, अप्रूप वाटतं. डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखं यंत्र चढवायचं, की समोर अख्खी लेबर रूम उभी राहते. बाळ रडत नाहीये, घड्याळ पळतंय, आता काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. जीव कुणाचाच जात नाही.

हे श्रीमंतांचं खेळणं आहे, असं म्हणू नका. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १६ शिकाऊ सर्जनांवर झालेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा चष्मा नव्हता, संगणकाच्या पडद्यावर सराव होता. ज्यांनी तो केला, त्यांनी पित्ताशयाच्या खऱ्या ऑपरेशनमधलं काम २९ टक्के कमी वेळात केलं. ज्यांनी केला नाही, त्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. पुढे नायजेरिया आणि केनियातल्या परिचारिकांसाठी, नवजात बाळाला श्वास कसा द्यायचा याचा मोबाइलवर चालणारा आभासी सरावही तयार झाला.

मात्र चष्म्याने सगळं भागेल असंही नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळावं लागतं. तो दाब हातालाच कळायला हवा. त्यासाठी बाहुलीच बरी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यू कुद्रे नावाची सुईण होती. १७५९ मध्ये राजाने तिला देशभर शिकवण्याचा परवाना दिला. कापड आणि चामड्याची बाहुली घेऊन ती गावोगाव फिरली आणि खेड्यातल्या बायकांना बाळंतपण शिकवत राहिली. हात बाहुलीवर तयार व्हावा, निर्णय चष्म्यात. दोन्ही हवंच.

आणि शिकवायचं कुणाला? आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि बालमृत्यू झपाट्याने घटले. हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकात छापून आलं. बाई कमी शिकलेली आहे म्हणून तिला जमणार नाही, हा समज तिथेच मोडला.

माझी भीती वेगळीच आहे. हे चष्मे शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या जाहिरातींत चमकतील आणि आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरपर्यंत पोचणारच नाहीत. खरं तर गरज तिलाच जास्त. मोठ्या दवाखान्यात झटके येणारी बाळंतीण वरचेवर पाहायला मिळते. लहान गावातल्या सिस्टरवर तो प्रसंग वर्षा-दोन वर्षांत एकदा येतो, आणि तेव्हा ती एकटी असते. एकदा प्रशिक्षण झालं, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, की संपलं का? गाणारी रोज रियाज करते, मग जीव वाचवणारीने का करू नये?

तेव्हा मैत्रिणींनो, ग्रामसभेत जाल, आरोग्य समितीच्या बैठकीला बसाल, तेव्हा इमारतीच्या रंगाबरोबर एवढंही विचारा: आमच्या सिस्टरने शेवटचा सराव कधी केला? कशावर केला? पुढचा कधी आहे? चष्मा येईल तेव्हा येईल, बाहुली तर आजही आणता येते. आपल्या लेकी-सुना तिथेच बाळंत व्हायच्या आहेत. विचारायचा हक्क आपलाच आहे!