बाटलीवर औषध छापू नका

डाळिंबाच्या रसाने स्मृतिभ्रंश टळतो असे लेबलवर छापावे का, अशी विचारणा राहाता-संगमनेर भागातील प्रक्रियादार वाचकांकडून सतत होते आहे. काही जण तर छापून मोकळेही झाले. आमचे उत्तर एकच: छापू नका. अन्नपदार्थ रोग टाळतो वा बरा करतो, असा दावा करायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम मनाई करतात, आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत मेंदूचे विकार आहेतच. अमेरिकेत पॉम वंडरफुल कंपनीने डाळिंबरसाबाबत हृदयविकार आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचे दावे केले. तिथल्या व्यापार आयोगाने २०१३ मध्ये ते दिशाभूल करणारे ठरवले, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयातही कंपनीची सुटका झाली नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी पुरावा तोकडा आहे. डाळिंबरस पाजलेल्या उंदरांच्या मेंदूत अल्झायमरशी जोडले जाणारे अमायलॉइड प्रथिन सुमारे निम्मे आढळले, हा २००६ चा प्रयोग आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण ते उंदीर होते. शिकागोतील ९२१ वृद्धांच्या २०२० च्या अभ्यासाचे काय, असे कोणी विचारेल. फ्लेव्होनॉल हे वनस्पतिजन्य घटक सर्वाधिक खाणाऱ्यांत अल्झायमर ४८ टक्के कमी दिसला, हे खरे. मात्र ते फ्लेव्होनॉल पालेभाज्या, चहा, टोमॅटो यांतले होते, आणि नुसत्या निरीक्षणाने कारण सिद्ध होत नाही. पालेभाज्या आणि बेरीवर्गीय फळांवर भर देणाऱ्या माइंड आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षे चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला, तेव्हा हा आहार घेणारा आणि तुलनेचा अशा दोन गटांच्या आकलनक्षमतेत लक्षणीय फरक नव्हता.

खरी अडचण तर आपल्याच घरात आहे. डाळिंबाचे प्रमुख अँटिऑक्सिडंट असलेले प्युनिकॅलॅजिन मुख्यतः सालीत आणि पांढऱ्या पापुद्र्यात असते. अख्खे फळ दाबले तर ते रसात उतरते, नुसत्या दाण्यांच्या रसात फार कमी येते. आपण दाणे सोडवून रस काढतो, साल उकिरड्यावर टाकतो आणि दाखला परदेशी अख्ख्या फळाच्या रसाचा देतो! उद्या अख्खे फळ दाबायचे ठरवले, तर तेल्या रोगासाठी मारलेल्या फवाऱ्यांचा अंश त्याच सालीवर असतो, तो आधी तपासावा लागेल. बाजार समितीत भगवा वाणाचा भाव रंग, वजन आणि डाग पाहून निघतो. प्रक्रिया उद्योगाच्या प्रस्तावात साहेबांना कोटेशन आणि बँकेची मंजुरी हवी असते. रसात काय उतरते, हे कोणीच विचारत नाही.

फुले भगवा सुपर हा वाण देणारे राहुरीचे कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याने वाणानुसार आणि रस काढण्याच्या पद्धतीनुसार प्युनिकॅलॅजिनचे आकडे साध्या मराठीत उत्पादकांच्या हाती द्यावेत. शेतकरी कंपन्यांनी प्रत्येक बहराचे नमुने स्वतःहून तिथे पोहोचवावेत, बोलावण्याची वाट पाहू नये. आणि ज्यांनी स्मृतिभ्रंशाची लेबले छापली आहेत, त्यांनी पुढचा माल बाहेर पडण्याआधी ती काढून टाकावीत.