सेवा नेमकी कोणी केली?

हा लेख लिहिण्यास निमित्त झाले ते एका निबंधाचे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा लोणंदला आमच्या घरी आला होता. वय सतरा. पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या शाळेत शिकतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात तो पंधरा दिवस नेपाळमधील एका खेड्यात 'स्वयंसेवक' म्हणून राहून आला होता. एका शेतकरी कुटुंबात मुक्काम, सकाळी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणे, दुपारी वर्गाच्या भिंती रंगवणे असा कार्यक्रम. परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जासाठी त्याने या अनुभवावर दोन पानी निबंध लिहिला होता. 'काका, तुम्ही साहित्यातले. जरा नजर टाका,' असा आग्रह झाला.

निबंध नीटनेटका होता. त्यात डोंगर होते, अनवाणी मुले होती, त्यांच्या डोळ्यांतील चमक होती आणि लेखकाला झालेला आत्मसाक्षात्कारही होता. ज्या घरात तो राहिला त्याविषयी मात्र एकच वाक्य होते : स्थानिक कुटुंबाने मला प्रेमाने वागवले. मी सहज विचारले, म्हणजे नेमके काय केले? मग तो तासभर बोलत होता. घरातील बाई पहाटे चारला उठून त्याच्यासाठी पाणी तापवीत. घरातील दोन मुलांनी आपली खोली त्याला दिली आणि स्वतः धान्याच्या खोलीत अंथरुणे टाकली. पाचव्या दिवशी त्याचे पोट बिघडले तेव्हा म्हातारी आजी रात्रभर उशाशी बसून होती. तिखट सोसत नाही म्हणून त्याची भाजी वेगळी होऊ लागली. हे सारे तो मनापासून सांगत होता. त्याचा गळाही एकदा भरून आला. मी म्हणालो, 'मग हे निबंधात का नाही?' तो क्षणभर थांबून म्हणाला, 'काका, त्यात मी काय केलं ते लिहायचं असतं.'

या मुलाला मी दोष देत नाही. तो प्रामाणिक आहे. त्याला जे लिहावयास सांगितले गेले ते त्याने लिहिले. माझे भांडण आहे ते त्याला असे लिहावयास सांगणाऱ्या व्यवस्थेशी. एका घराने पंधरा दिवस एका परक्या मुलाची शुश्रूषा केली आणि अखेरीस 'सेवा' या शब्दावर नाव मात्र त्या मुलाचे लागले. घेणारा देणारा ठरला आणि देणारा 'लाभार्थी' ठरला. सहा महिन्यांत पोपडे धरणाऱ्या भिंतीच्या रंगापेक्षा ही अदलाबदल मला अधिक घातक वाटते, कारण ती सतराव्या वर्षी मनावर ठसते आणि जन्मभर पुसत नाही.

ही व्यवस्था आता चांगलीच रुजली आहे. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटच्या पदविका अभ्यासक्रमात 'सेवा' हा पूर्ण करावाच लागणारा भाग आहे. त्यासाठी परदेशी जावे लागते असे मुळीच नाही. शेजारच्या वस्तीतही ती करता येते. पण प्रवेशअर्जात परदेश अधिक उठून दिसतो. तेव्हा मागणी तसा पुरवठा या न्यायाने सहल कंपन्या पुढे आल्या, आणि विमान, विमा, दोन दिवस स्थलदर्शन, दहा दिवस समाजकार्य आणि प्रमाणपत्र असे सारे एका दरपत्रकात आले. 

हा रोग नवा नाही आणि त्याचे निदानही नवे नाही. १९६८ साली इव्हान इलिच याने मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोरच सुनावले होते. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की या देशात पाहायला या, डोंगर चढायला या, अभ्यासाला या; पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हांला कळत नाही, त्यांचे तुम्ही काय भले करणार? इलिच स्वतः धर्मगुरू होता आणि सेवेच्या नावाने काय काय चालते हे त्याने आतून पाहिले होते. त्याचा रोख सदिच्छेच्या आड दडलेल्या अहंकारावर होता.

सदिच्छेचा बाजार कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरण कंबोडिया आणि नेपाळने पाहिले आहे. तेथील अनाथाश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आईबाप, किंवा त्यांपैकी एक तरी, हयात असल्याचे वारंवार उघड झाले. परदेशी स्वयंसेवकांना 'अनाथ' हवे होते, म्हणून काही ठिकाणी दलालांनी खेड्यापाड्यांतून मुले आणून ती गरज भागवली. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अशा आश्रमांसाठी होणारा मुलांचा व्यापार हाही त्या चर्चेचा विषय होता. घरोघरी राहून भिंती रंगवणारे किशोर या पंक्तीत बसत नाहीत, हे मान्य. पण मुळाशी असलेली धारणा तीच आहे : मला सेवा करायची आहे, तेव्हा कोणीतरी दीन असलेच पाहिजे.

येथे मला आमच्या भागातील एक शब्द आठवतो. सातारा-सांगलीकडे अनोळखी माणसालाही 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' असे विचारतात. 'पाहुणा' हा शब्द संस्कृत 'प्राघुण' वरून प्राकृतमार्गे आला. आमच्याकडे सोयरा तो पाहुणा आणि वाटसरूही पाहुणाच. पाहुणा होणे म्हणजे यजमानाच्या ऋणात जाणे, हे या भागातील लहान मुलालाही कळते. 

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते ती आमच्या दारातूनच. नीरेत पादुकांना स्नान होते आणि जिल्ह्यातील पहिला मुक्काम लोणंदला पडतो. त्या दिवसांत गावातील क्वचितच एखादे घर मोकळे असते. ओसरीवर, माडीवर, गच्चीवर, गुरांच्या गोठ्याशेजारी माणसे उतरतात. रात्री भाकऱ्यांची चळत कमी पडते आणि पुन्हा तवा चढतो. यजमान वारकऱ्याला 'माउली' म्हणतो, वारकरी यजमानाला 'माउली' म्हणतो. कोण कोणाची सेवा करीत आहे याचा हिशेब या एका संबोधनाने बंद होतो. मी वारीचे भाबडे गोडवे गात नाही. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात दिंडीतही जातवार होणाऱ्या वेगळ्या पंगतींवर बोट ठेवले होते, आणि ते बोट आपण विसरता कामा नये. पण लोणंदला उतरलेला कोणताही वारकरी गावी परतल्यावर 'मी लोणंदकरांची सेवा करून आलो' असे सांगत नाही. त्याने भाकरी खाल्ली आहे, हे त्याच्या स्मरणात असते.

परदेशातून येऊन अशा घरांत राहणे कसे असू शकते, याचे उदाहरणही दूर शोधावे लागत नाही. लोणंदच्या शेजारी, फलटणला, साठच्या दशकात मॅक्सीन बर्नसन नावाची अमेरिकन अभ्यासक आली. ती प्रथम मराठी शिकली. फलटणच्या लोकांची बोली समाजाच्या थराथरांत कशी बदलते, हा तिच्या संशोधनाचा विषय होता. म्हणजे आधी तिने ऐकले. १९७५ साली जाई निंबकर यांच्यासह तिने मराठीचे संदर्भव्याकरण सिद्ध केले. भारताचे नागरिकत्व घेतले. आणि इतक्या वर्षांच्या ऐकण्यानंतर, १९८४ साली, प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील महाविद्यालयांनी पुण्यात अनेक वर्षे चालवलेल्या अभ्यासक्रमातील विद्यार्थीही मराठी कुटुंबांत राहत. पण ते मराठी शिकायला आलेले विद्यार्थी म्हणून, कोणाचे उद्धारकर्ते म्हणून नव्हे. माझ्या दृष्टीने हा फरक मूलभूत आहे.

कोणी म्हणेल, सतरा वर्षांच्या मुलाकडून जन्मभराच्या निष्ठेची अपेक्षा कशी करता? ती मी करीत नाही. पण नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. मराठी मुलाला गावच्या पाट्या पहिल्या दिवशी वाचता येतात. त्या पंधरा दिवसांत शंभर शब्द शिकणे अशक्य नव्हते. मात्र त्याच्या वेळापत्रकात नेपाळी शिकण्यास एक तासही नव्हता. इंग्रजी शिकवण्यास रोज तीन तास होते. 

दुसरा आक्षेप असा, की निदान त्या कुटुंबाला चार पैसे मिळतात. मिळावेत, आणि कंपनीने मधल्यामधे गिळण्याऐवजी अधिक मिळावेत. पण पैसे देऊन एखाद्याच्या घरी राहणे हा सरळ व्यवहार आहे. त्याला व्यवहारच म्हणावे. सेवेचे लेबल लावून त्याला पवित्र करण्याचे कारण नाही. 'मुलांची दृष्टी विस्तारते' हा तिसरा युक्तिवाद मला मान्य आहे. पण दृष्टी मुलाची विस्तारत असेल, तर उपकार कोणी कोणावर केले?

श्रीमंतांच्या शाळांकडे बोट दाखवून आपण सुटू शकत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. तिचे ब्रीदच 'मी' बाजूला सारून 'तुम्ही' पुढे ठेवते. मी काही वर्षे कार्यक्रम अधिकारी होतो. सात दिवसांच्या निवासी शिबिरात आमची मुले गावच्या शाळेत उतरत, आपला आचारी घेऊन जात, आपल्यातच जेवत. गावातील एकाही चुलीशी त्यांचा संबंध येत नसे. खोदलेल्या चरांची छायाचित्रे अहवालात असत. त्याच गावातील माणसे आयुष्यभर चर खोदत आली आहेत, याची नोंद नसे. त्या अहवालांवर माझ्या सह्या आहेत. तेव्हा हा आरोप माझ्यावरही आहे.

मला सर्वांत अधिक सलते ते आणखी निराळेच. माझ्या वर्गातील कित्येक मुली पालखीच्या मुक्कामात पहाटेपासून भाकऱ्या थापतात, अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय चेपतात आणि चौथ्या दिवशी तासाला येऊन बसतात. त्याला प्रमाणपत्र नाही, गुण नाहीत. त्यांना कोणी निबंधही लिहावयास सांगत नाही. नेपाळमधील त्या घरातील मुलेही अशीच असणार. पाहुणचार करणाऱ्याचे श्रम घरकाम म्हणून मोजणीबाहेर आणि पाहुण्याचे चार ब्रशचे फटकारे मात्र समाजकार्य, ही विषमता आपल्या अध्यापनातून आपण कोठे तरी मोडली पाहिजे. आपल्याकडे असे निबंध तपासण्यास येतात. शुद्धलेखन सुधारून ते परत करण्याऐवजी, ज्या घरात राहिलास त्या घराविषयी आधी एक पान लिही, एवढे तर आपण सांगू शकतो.

मी ते सांगितले. मुलाला पटले, पण अर्जाची मुदत दोन दिवसांवर होती आणि निबंध होता तसाच गेला. निघताना मी विचारले, त्या घरी दिवाळीचा फोन केलास का? नंबर त्याच्याकडे होता. 'करावासा वाटतो, पण बोलू काय? त्यांची भाषा येत नाही,' तो म्हणाला.