वीस मिनिटांची नरसी

प्रवास म्हटला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. मुलीला समुद्र हवा, सौभाग्यवतींना देवळे. गेल्या साली मुरुड-हर्णै झाले, म्हणून यंदा वेरूळ, दौलताबाद, नांदेड, औंढा नागनाथ असा मार्गदर्शकासकट आखीव दौरा पत्करला. औंढ्याहून गाडी सुटली आणि मार्गदर्शकाने पुकारले, “आता नरसी नामदेव. २० मिनिटे!”

गेली २० वर्षे मी वर्गात नामदेव शिकवतो आहे. १२७० चा जन्म, ज्ञानदेवांबरोबरची तीर्थयात्रा, पंजाबातले घुमान, गुरू ग्रंथसाहिबातील ६१ पदे, सारे तोंडपाठ! पण परंपरेने त्यांची जन्मभूमी मानलेल्या नरसीला माझे पाय लागले ते आज, आणि तेही शिट्टीच्या हुकमाने.

दर्शन उरकून कयाधूच्या काठी उभा होतो. एका वृद्ध वारकऱ्याने विचारले,

“मुक्काम किती दिस, माउली?”

“२० मिनिटं,” मी म्हणालो.

म्हातारा हसला असता तर बरे झाले असते. “बरं, पाणी तरी घ्या,” एवढेच म्हणून त्याने तांब्या पुढे केला.

तेवढ्यात शिट्टी झाली. गाडीत मुलीने विचारले, “बाबा, नामदेव घुमानला कसे गेले?”

“चालत. हजार किलोमीटरांहून अधिक.”

“मग त्यांची शिट्टी कोण वाजवायचं?”

मार्गदर्शक डोकी मोजत होता. माझे डोके त्याने मोजले खरे; मन मात्र कयाधूकाठीच राहिले होते. पुढल्या सुट्टीत ते आणायला जायचे आहे, एस. टी.ने आणि मुक्कामाला!