गडाच्या पायथ्याची एसटी

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले. त्यांपैकी साल्हेरपासून पन्हाळ्यापर्यंतचे आणि खांदेरीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी तामिळनाडूत आहे. महाराष्ट्राला या निर्णयाचा आनंद व्हावा हे स्वाभाविकच होते. परंतु वारसा जगाचा झाला म्हणजे तो आपोआप जनतेचाही होतो, असे मानण्याचे कारण नाही. ज्याच्या दारात मोटार नाही आणि खिशात भाड्याच्या गाडीचे पैसे नाहीत, त्या गिरणगावातील, औद्योगिक वसाहतीतील किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातील तरुणाने राजगडाच्या पायथ्याशी पोहोचायचे कसे, हा प्रश्न गौरवाच्या भाषणांत कोणी विचारला नाही. तो विचारणे समाजवाद्यांचे काम आहे.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरकडे पहिली सरकारी प्रवासी गाडी धावली. खाजगी मोटारमालकांच्या मर्जीवर चालणारी वाहतूक सार्वजनिक मालकीची करण्याचा तो आरंभ होता. पुढे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे ब्रीद घेऊन एसटी खेडोपाडी गेली, आणि तिच्याबरोबर सह्याद्रीही सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. मुंबईचा कारकून किंवा कामगार शनिवारी रात्री लोकलने कल्याणला यावा, माळशेज घाटाची गाडी धरावी, नाणेघाटासाठी वैशाखऱ्याच्या पुढे किंवा हरिश्चंद्रगडासाठी खुबी फाट्यावर उतरावा आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला चालत जावा, हा कित्येकांचा परिपाठ होता. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी गाव लागते. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची वाट तेथून वर चढते. कर्जतहून खांडसला गेले की भीमाशंकरच्या शिडीच्या आणि गणेश घाटाच्या वाटा समोर येतात. पुण्याच्या स्वारगेटहून वेल्हे, महाडहून पाचाड, पनवेलहून कर्नाळा ही नावे अनेकांनी नकाशापेक्षा एसटीच्या पाट्यांवर आधी वाचली. महाराष्ट्राचा इतिहास आणि भूगोल पुस्तकाबाहेर काढून पायाखाली आणण्याचे काम या लाल गाडीने जितके केले, तितके एखाद्या खात्यानेही केले नसेल.

श्रमिकाला डोंगरावर जाण्याचा हक्क असावा ही काही हौशी माणसांची लहर नव्हे. समाजवादी चळवळीच्या इतिहासात या हक्काला मानाचे स्थान आहे. १८९५ साली व्हिएन्नात समाजवाद्यांनी ‘निसर्गमित्र’ संघटना उभी केली, ती कामगारांना रविवारी डोंगरात नेण्यासाठी. पुढे ऑस्ट्रियाचे अध्यक्ष झालेले कार्ल रेनर तिच्या संस्थापकांपैकी एक होते. जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउटच्या पठारावर २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. परंतु १९४९ साली ब्रिटनला राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात मुक्त संचाराचा कायदा करावा लागला, आणि दोन वर्षांनी पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच डोंगराळ मुलखात. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, तेव्हा सवलतीच्या रेल्वे तिकिटांचीही सोय केली. रजा दिली आणि प्रवास परवडला नाही, तर ती रजा चाळीच्या खोलीतच संपते, हे त्या सरकारला कळत होते. आपल्याकडेही राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी आणि सहलींनी पिढ्यान्‌पिढ्यांना डोंगर दाखवले. त्या सहलींत जात आणि वर्ग बाजूला ठेवून एका पंगतीत जेवणे हा शिक्षणाचाच भाग होता.

आज चित्र पालटले आहे. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी गडांच्या पायथ्याशी खाजगी मोटारी आणि भाड्याच्या मिनीबस यांची रांग लागते. सहली भरवणारे व्यावसायिक प्रवास, नाश्ता, वाटाड्या असे सारे एकत्र विकतात. त्यांना केवळ दोष देऊन चालणार नाही. एसटी जेथे वेळेवर पोहोचत नाही तेथे त्यांनी सोय केली, आणि पायथ्याच्या काही घरांना जेवणावळीचे उत्पन्नही मिळवून दिले. परंतु त्याचा परिणाम काय झाला? पैसेवाला पदयात्री एसटीतून उतरला, आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो घरीच राहिला. गाडी रिकामी धावू लागली, म्हणून फेरी तोट्यात गेली. तोट्यात गेली म्हणून बंद झाली. आणि बंद झाली म्हणून उरलेल्यांनाही खाजगी वाहनाकडे वळावे लागले. सार्वजनिक सेवा मोडण्यासाठी नेहमीच एखादा कट लागतो असे नाही. सुस्थितीतील वर्गाने तिच्याकडे पाठ फिरवली तरी ते काम होते.

येथे प्रश्न गिर्यारोहकांच्या हौसेपलीकडे जातो. गडाच्या पायथ्याची गावे बहुधा दुर्गम आहेत. कित्येक ठिकाणी महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची वस्ती आहे. तेथे रात्री येऊन थांबणारी आणि पहाटे परत निघणारी मुक्कामी गाडी हीच गावाची जीवनरेषा असते. तिच्यातूनच मुले शाळेला जातात, भाजीच्या पाट्या बाजाराला जातात, आणि बाळंतपणाला अडलेली बाई तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचते. २०२० च्या टाळेबंदीने या फेऱ्या थांबल्या. त्यानंतर २०२१ च्या अखेरीस विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांनी संप केला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. थकलेला पगार आणि कर्जबाजारीपणा यांमुळे काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्याचे महाराष्ट्राने त्या काळात पाहिले. पुढे महामार्गावरच्या गाड्या पूर्ववत झाल्या, परंतु आडवाटेच्या अनेक फेऱ्या परतल्याच नाहीत.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवासाची सवलत मिळाली. या सवलती स्वागतार्हच आहेत. परंतु ज्या वाडीला गाडीच येत नाही, तेथील म्हातारीला विनामूल्य प्रवासाचा उपयोग काय? जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. वाडीतल्या माणसाने तेही भरले असते, पण तिकीट फाडायला वाहक तर यायला हवा.

यावर तोट्याचा युक्तिवाद पुढे केला जातो. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात धंद्याच्या तत्त्वाने कारभार करावा असे म्हटले आहे, हे खरे. परंतु कार्यक्षम, पुरेशी आणि स्वस्त वाहतूक पुरवणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे, असेही त्याच कायद्याने सांगितले आहे. राज्यकर्ते पहिले कलम मोठ्याने वाचतात आणि दुसरे गिळतात. गडाखाली वाहनतळ बांधताना त्याने किती नफा दिला पाहिजे, असे कोणी विचारत नाही. रुंद रस्त्याचा खर्च विकासाच्या खात्यावर पडतो आणि त्या रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीचा खर्च मात्र तोट्याच्या खात्यावर पडतो. ही हिशेबाची पद्धत वर्गीय आहे. डोंगरी फेरीचा तोटा पदयात्रींच्या तिकिटांनी पुरता भरून निघेल असा दावा आम्ही करत नाही. तो सामाजिक दायित्व म्हणून शासनाने उचलावा, हीच आमची भूमिका आहे.

एसटीने गर्दी वाढेल आणि गड आणखी विद्रूप होतील, अशी भीती काही निसर्गप्रेमी व्यक्त करतात. तिची टवाळी करू नये. परंतु अरुंद घाटरस्ता अडतो तो माणसांमुळे नव्हे, दोन-चार माणसांसाठी आलेल्या शेकडो मोटारींमुळे. चाळीस-पन्नास माणसे एका गाडीत आली तर जागाही वाचते आणि गर्दी मोजताही येते. गर्दीवर मर्यादा घालायचीच असेल तर ती आधी वाहनांवर घालावी. गरिबाची वाट बंद करून निसर्गरक्षण साधू नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात हा प्रश्न हाती घ्यावा. बंद पडलेल्या मुक्कामी गाड्यांची यादी करावी, ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि तो घेऊन आगार व्यवस्थापक व विभाग नियंत्रक यांच्याकडे जावे. शाळेच्या आणि आठवडे बाजाराच्या वेळा आधी सांभाळल्या जाव्यात, त्यानंतर शनिवारी रात्रीची वा रविवारी पहाटेची एक गाडी आणि रविवारी संध्याकाळची परतीची गाडी मागावी. वेळापत्रकाची पाटी पायथ्याच्या थांब्यावर आणि जवळच्या रेल्वे स्थानकावर लागलीच पाहिजे. मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांना झोपायला कोरडी जागा, पाणी आणि शौचालय मिळावे. त्यांना गाडीतल्या बाकावर रात्र काढायला लावून आपण गडाचे सूर्योदय पाहणे शोभणारे नाही. जागतिक वारशाच्या नावाने जो निधी येईल, त्यातून वाहनतळ आणि रोपवे यांच्या आधी गाडीची सोय व्हावी, असा आग्रह धरावा. गिर्यारोहक मंडळांनाही या मागणीत सामील करून घ्यावे. त्यांनी मोठ्या सहलींसाठी प्रासंगिक करारावर एसटीच घ्यावी आणि लहान गटांनी नियमित फेरीनेच जावे, एवढे व्रत पाळले तरी आगाराच्या हिशेबात फरक पडेल.

शहरातील तरुण आणि डोंगरातील आदिवासी विद्यार्थिनी यांचे हितसंबंध एकाच वेळापत्रकात गुंतलेले असावेत, असे प्रसंग राजकारणात फार थोडे येतात. एकाला वर जायचे आहे, दुसरीला खाली शाळेत जायचे आहे, आणि दोघांनाही एकच गाडी हवी आहे. ही मागणी आपण दोघांना एकत्र आणून केली नाही, तर दोघेही आपापल्या ठिकाणी गाडीची वाट पाहत राहतील आणि फेरी तोट्यात गेल्याचा शेरा कागदावर तेवढा उरेल.